हू, विच, दॅट आणि स्वल्पविराम: इंग्रजी वाक्यातली मोजदाद

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या फलकावर एक इंग्रजी नोटीस लागली होती. "द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स, विल नॉट बी अलॉटेड पार्किंग." सेक्रेटरींना म्हणायचं होतं, की ज्या सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही त्यांना पार्किंग मिळणार नाही. पण ते दोन स्वल्पविराम पडले आणि अर्थ फिरला. सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही, सगळ्यांनीच, आणि म्हणून कोणालाच पार्किंग मिळणार नाही, असं ती नोटीस सांगत होती. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत चेक देणारे, फलकासमोर उभं राहून ती पुन्हा पुन्हा वाचत होते. "आमचं नाव थकबाकीत कसं?" हा त्यांचा प्रश्न होता. नियम त्यांना सांगता आला नसता, पण वाक्य त्यांनी बरोबर वाचलं होतं.

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. कोणाला नोकरीचा अर्ज लिहायचा असतो, कोणाला परदेशातल्या विद्यापीठाला पत्र, कोणाला ऑफिसचे रोजचे ईमेल. काळ आणि क्रियापदं जमायला लागली, की सगळ्यात जास्त लाल शाई या एका जागी खर्च होते: हू, विच, दॅट आणि त्यांच्या आजूबाजूचा स्वल्पविराम. शाळेत आपण शिकलो, की वाचताना थोडं थांबायचं तिथे स्वल्पविराम द्यायचा. इंग्रजीत या जागेचा स्वल्पविराम श्वासासाठी नसतो. ज्याच्याबद्दल बोलतोय ते एकच आहे की अनेकांतलं एक, सगळे आहेत की त्यातले काहीच, हे तो वाचकाला सांगतो. तो मोजणी करतो.

आपल्याला हे जड का जातं, तेही पाहू. "नाशिकला राहणारा माझा भाऊ डॉक्टर आहे," असं आपण सहज म्हणतो. यात मला भाऊ एक की तीन, ते कळत नाही, आणि मराठीला ते सांगण्याची गरजही वाटत नाही. शिवाय विरामचिन्हं मराठीत फार जुनी नाहीत. मोडी कागदपत्रांत ती नव्हतीच, शब्दसुद्धा सलग लिहीत. आज आपण वापरतो ती चिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी मराठीत रुजली. स्वल्पविरामाने अर्थ फिरतो याची सवय आपल्या कानाला कमी आहे, आणि ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. प्रत्येक वाक्य एकदा मोठ्याने म्हणा आणि वहीत इंग्रजी लिपीत उतरवा. म्हणून पाहिल्याचा फायदा होतो: जिथे स्वल्पविरामांची जोडी असते, तिथे आवाज खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो.

पहिली पायरी: "जो–तो"मधला "तो" सोडून द्या

"जो मुलगा काल आला होता, तो माझा भाचा आहे." मराठीत दोन शब्द लागतात, जो आणि तो, आणि मध्ये स्वल्पविराम. इंग्रजीत एकाच शब्दावर भागतं: "द बॉय हू केम येस्टरडे इज माय नेफ्यू." पण डोक्यात मराठी वाक्य असतं, म्हणून कागदावर उतरतं ते असं: "द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय नेफ्यू." यात चुका दोन आहेत. "ही" नको, कारण तो आपला "तो" आहे. आणि स्वल्पविराम नको, कारण तो "जो–तो"मधला आहे. दोन्ही चुका एकाच घरातून आल्या आहेत, त्यामुळे एक सुटली की दुसरी बहुतेक आपोआप सुटते.

हीच चूक उपवाक्याच्या, म्हणजे हू किंवा विचने सुरू होणाऱ्या तुकड्याच्या, पोटातही होते. "द बुक विच आय बॉट इट." "द मॅन हूम आय मेट हिम." यावर माझा उपाय अगदी हाताने करायचा आहे. आधी दोन सुटी वाक्यं लिहा: "द बुक इज लॉस्ट. आय बॉट इट इन दादर." दुसऱ्या वाक्यात पुस्तकाचा उल्लेख करणारा शब्द कोणता? "इट". त्याच्यावर काट मारा. त्याच्या बदल्यात "विच" लिहा, तो त्या वाक्याच्या सुरुवातीला आणा आणि अख्खं वाक्य उचलून "बुक"च्या मागे लावा. "द बुक विच आय बॉट इन दादर इज लॉस्ट." काट मारलेला शब्द परत लिहायचा नाही. वीस वाक्यं अशी काट मारून केली, की "इट" पुन्हा डोकं वर काढत नाही.

उपवाक्य नामाला चिकटूनच हवं. "शी गेव्ह द सारी टू हर सिस्टर विच शी बॉट इन पैठण" असं लिहिलं, तर पैठणहून बहीण विकत आणल्यासारखं होतं. साडी उपवाक्याच्या शेजारी आणा: "शी गेव्ह हर सिस्टर द सारी दॅट शी हॅड बॉट इन पैठण."

दुसरी पायरी: शब्द निवडा, पण मराठी विभक्तीवर विसंबू नका

माणसांसाठी हू, वस्तूंसाठी विच, आणि दॅट दोघांनाही चालतो. इतकं सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो हू आणि हूममध्ये.

बरेच जण एक तक्ता पाठ करतात: ज्याने म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम, ज्याचा म्हणजे हूज. तक्ता अर्धाच खरा आहे. "ज्याला मी भेटलो" इथे "हूम आय मेट" बरोबर बसतं. पण "ज्याला इंग्रजी येतं", "ज्याला ताप आहे", "ज्यांना मदत हवी आहे" यांचं काय? मराठीत अनुभव घेणाऱ्याला आपण "ला" लावतो. इंग्रजीत तोच माणूस वाक्याचा कर्ता होतो. म्हणून "अ पर्सन हू नोज इंग्लिश", "द चाइल्ड हू हॅज अ फीवर", "दोज हू नीड हेल्प". इथे हूम लिहिलं तर चूक. "ज्याच्याकडे गाडी आहे" याचंही तसंच. "विथ हूम" वगैरे काही नाही, सरळ "हू हॅज अ कार".

खात्री करण्यासाठी मराठीकडे न बघता उपवाक्य सुटं करा आणि त्या जागी ही की हिम येतं ते पाहा. "ही नोज इंग्लिश", म्हणून हू. "आय मेट हिम", म्हणून हूम. बोलताना आणि साध्या ईमेलमध्ये आज हूमच्या जागी हू सर्रास चालतं. मात्र शब्दयोगी अव्ययाला लागून आलं तर हूमच लिहावं: "द क्लार्क टू हूम आय गेव्ह द फॉर्म." आणि टू, इन, विथ यांच्या मागोमाग दॅट कधीच येत नाही. "द हाउस इन विच आय वॉज बॉर्न" हे ठीक, "इन दॅट आय वॉज बॉर्न" हे नाही.

हूज वस्तूंनाही चालतो. "अ हाउस हूज रूफ लीक्स" हे शुद्ध इंग्रजी आहे, बिचकू नका. बिचकायचंच असेल तर स्पेलिंगला: "हू इज"चं आखूड रूप आणि हूज यांचा उच्चार एकच आहे. अ‍ॅपॉस्ट्रॉफी असलेला शब्द फक्त "हू इज" किंवा "हू हॅज" साठी.

आता व्हॉट. "त्याने जे सांगितलं ते खरं होतं" याचं "व्हॉट ही सेड वॉज ट्रू" होतं. इथे व्हॉटच्या पोटात जे आणि ते दोन्ही आहेत, म्हणून त्याच्या आधी नाम लागत नाही. म्हणजेच आधी नाम, ऑल किंवा एव्हरीथिंग आलं असेल, तर व्हॉटला जागाच उरत नाही. "एव्हरीथिंग व्हॉट ही सेड" चूक, "एव्हरीथिंग दॅट ही सेड" बरोबर. आपल्याकडची ही फार मोठी चूक आहे आणि मुलाखतीत ती लगेच कानावर येते.

व्हेअर म्हणजे जिथे. पण आधी गावाचं नाव आलं, म्हणून पुढे व्हेअर आलंच पाहिजे असं नाही. "द टाउन व्हेअर आय ग्रू अप", कारण मी तिथे वाढलो. "द टाउन विच आय लेफ्ट", कारण मी ते सोडलं, "तिथे" सोडलं नाही.

तिसरी पायरी: "किती?" हा प्रश्न विचारा

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

उपवाक्यावर बोट ठेवून ते झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. कोणाबद्दल बोलणं चाललंय हे वाचकाला अजूनही नक्की कळतंय का? कळत असेल, तर झाकलेला भाग जादा माहिती आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. कळत नसेल, तर तो भाग ओळख पटवण्याचं काम करतोय, त्याला नामापासून तोडायचं नाही.

"माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर." स्वल्पविराम नाही, म्हणजे मला एकाहून जास्त भाऊ आहेत आणि त्यातला नाशिकचा डॉक्टर आहे. "माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर." आता भाऊ एकच, आणि तो नाशिकला राहतो ही जाता जाता सांगितलेली गोष्ट. शब्द तेच, कुटुंब वेगळं. म्हणून वर्गात कोणाचं वाक्य तपासताना मी आधी विचारते, "भाऊ किती तुम्हाला?" त्यांनी उत्तर दिल्याशिवाय मला ते वाक्य दुरुस्त करता येत नाही. व्याकरणाचं कोणतंही पुस्तक ते उत्तर देऊ शकत नाही, ते लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

माझी एक विद्यार्थिनी व्हिसाच्या अर्जाबरोबर जोडायचं पत्र घेऊन आली होती. त्यात होतं, "माय हजबंड हू वर्क्स इन दुबई विल स्पॉन्सर माय ट्रिप." दुबईत काम करणारा तो नवरा, म्हणजे आणखीही कोणी आहे, असा त्याचा काटेकोर अर्थ होतो. वाचणारा अधिकारी अर्थातच समजून घेईल. पण ज्या कागदावर आपल्या संसाराची माहिती दिली आहे, त्यावर ती नीट दिलेली असावी. आम्ही दोन स्वल्पविराम टाकले आणि पत्र पुन्हा छापलं.

विशेषनामाला बहुतेक वेळा स्वल्पविराम लागतो, कारण नाव घेतल्यावर ओळख पटलेलीच असते. "सावित्रीबाई फुले, हू वॉज बॉर्न इन १८३१ इन नायगाव, टॉट गर्ल्स इन पुणे." एक अपवाद सुंदर आहे. "द मुंबई दॅट आय न्यू अ‍ॅज अ चाइल्ड हॅज चेंज्ड." नावाआधी "द" लागलं आणि एका मुंबईच्या अनेक झाल्या: माझ्या लहानपणची, आजची, आजोबांनी सांगितलेली. त्यातली कोणती ते सांगावं लागतं, म्हणून स्वल्पविराम नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला एनीवन, एव्हरीवन, नोबडी, एव्हरीथिंग असे शब्द. यांच्यात ठरलेला माणूस किंवा वस्तू नसतेच, त्यामुळे उपवाक्य काढलं तर वाक्य कोसळतं. "एनीवन हू कम्स लेट विल वेट आउटसाइड." यातलं उपवाक्य काढा आणि सगळ्यांनाच बाहेर बसवा! इथे स्वल्पविराम नाही.

आता आमच्या नोटिशीकडे परत या. "मेंबर्स" शब्दानंतरचा भाग झाकला, तर उरतं: "सभासदांना पार्किंग मिळणार नाही." सेक्रेटरींना हे म्हणायचं होतं का? नाही. म्हणून स्वल्पविराम काढायचे. अनेकवचनी नामापाशी हा प्रश्न "किती?" ऐवजी "सगळे की काही?" असा विचारा, उत्तर लवकर मिळतं.

चौथी पायरी: स्वल्पविरामानंतर दॅट नाही

जादा माहितीच्या उपवाक्यात दॅट येत नाही. "माय स्कूटर, दॅट इज टेन इयर्स ओल्ड, स्टिल रन्स वेल" हे चूक, तिथे विच हवं.

उलट बाजूने प्रश्न येतो, की स्वल्पविराम नसताना विच चालतं का? ब्रिटिश इंग्रजीत चालतं. अमेरिकी संपादक मात्र तिथे दॅट मागतात. १९२६ साली हेन्री फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या कोशात सुचवलं होतं, की ओळख पटवायला दॅट आणि जादा माहितीला विच अशी वाटणी झाली तर बरं. ते स्वतः इंग्रज, पण त्यांची सूचना मनावर घेतली ती अमेरिकेने. आपल्याकडे पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आणि ऑफिसचे ग्राहक बऱ्याचदा अमेरिकी, त्यामुळे दोन्ही दिसतं. माझं मत विचाराल तर वस्तूंच्या बाबतीत सरळ वाटणी करा: स्वल्पविराम असेल तर विच, नसेल तर दॅट. दोन्हीकडे हे बरोबरच ठरतं.

स्वल्पविराम नसलेल्या उपवाक्यात जोडणारा शब्द (हू, विच, दॅट) कर्माच्या जागी असेल, तर गाळताही येतो: "द लेटर आय रोट". कर्त्याच्या जागी असेल तर नाही. "द मॅन लिव्ह्ज नेक्स्ट डोअर इज अ टेलर" हे वाक्य दोन क्रियापदांवर अडखळतं, हू हवाच. आणि स्वल्पविरामाच्या आतला हू किंवा विच कधीच गाळायचा नाही.

दॅटचं आणखी एक रूप म्हणजे आपला "की". मराठी छपाईत "ते म्हणाले, की" असा स्वल्पविराम आपण रोज पाहतो, मीही या लेखात तसाच दिला आहे. तो इंग्रजीत नेऊ नका. "ही सेड, दॅट ही वॉज बिझी" चूक. "ही सेड दॅट ही वॉज बिझी" असं सलग लिहायचं, दॅटच्या आधीही नाही आणि नंतरही नाही.

पाचवी पायरी: स्वल्पविराम जोडीने येतात

वाक्याच्या मध्ये आलेल्या जादा माहितीला दोन स्वल्पविराम लागतात, कंसासारखे. एक उघडणारा, एक मिटणारा. पहिला सगळे देतात, दुसरा विसरतात. "माय फादर, हू रिटायर्ड इन मार्च हॅज स्टार्टेड फार्मिंग." मार्चनंतरचा स्वल्पविराम गेला आणि कंस उघडाच राहिला.

मिटणाऱ्या स्वल्पविरामाचं वजन किती असतं, ते कॅनडातल्या एका खटल्यात दिसलं. रॉजर्स ही केबल कंपनी अ‍ॅलियंट या कंपनीमार्फत खांबांवरून तारा नेत होती. करारात म्हटलं होतं, की तो पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर पुढची पाच-पाच वर्षं, जोपर्यंत कोणी एक वर्षाची लेखी नोटीस देऊन तो संपवत नाही तोपर्यंत. "आणि त्यानंतर पुढची पाच-पाच वर्षं" हा तुकडा दोन स्वल्पविरामांच्या मध्ये होता. रॉजर्सचं म्हणणं, नोटिशीची अट फक्त पुढच्या मुदतींना लागू, पहिली पाच वर्षं पक्की. अ‍ॅलियंटचं म्हणणं, तुकडा स्वल्पविरामांनी बंद झाला आहे, म्हणून अट अख्ख्या वाक्याला लागू, पहिल्या पाच वर्षांतसुद्धा. २००६ साली तिथल्या दूरसंचार नियामकाने दुसऱ्या स्वल्पविरामावर बोट ठेवून अ‍ॅलियंटच्या बाजूने निर्णय दिला. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, त्याच कराराच्या फ्रेंच मसुद्याच्या आधाराने तो फिरवला गेला. इथे हू किंवा विच नव्हतं, पण तत्त्व आपलंच: दोन स्वल्पविरामांमधलं उचलून बाजूला ठेवता येतं, आणि उरलेलं वाक्य सलग वाचलं जातं.

सहावी पायरी: जिथे स्वल्पविराम हवाच

विच कधी कधी एखाद्या नामाकडे नाही, तर मागच्या अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतो. "शी पास्ड इन द फर्स्ट अटेम्प्ट, विच मेड अस ऑल हॅपी." मराठीत आपण "ही गोष्ट" म्हणतो तसं. स्वल्पविराम काढला तर आनंद अटेम्प्टने दिला असं वाचलं जाईल.

आणि "त्यातले बरेच जण". "टू हंड्रेड पीपल केम, मोस्ट ऑफ देम वेअर फार्मर्स." दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली, जे इंग्रजीत चालत नाही. "देम"च्या जागी हूम ठेवा: "टू हंड्रेड पीपल केम, मोस्ट ऑफ हूम वेअर फार्मर्स." वस्तू असतील तर "मोस्ट ऑफ विच". एक शब्द बदलला आणि वाक्य उभं राहिलं. अहवाल लिहिणाऱ्यांनी हा प्रकार नक्की आत्मसात करावा, आकडे सांगताना तो सतत लागतो.

क्रियापदाचं वचन थोडक्यात: "शी इज वन ऑफ दोज टीचर्स हू नेव्हर शाउट." न ओरडणाऱ्या शिक्षिका अनेक, ही त्यातली एक, म्हणून "शाउट". "शाउट्स" नाही.

पाठवण्याआधी

मजकूर पूर्ण झाला, की कंट्रोल आणि एफ दाबून हू शोधा, मग विच, मग हूज. प्रत्येक ठिकाणी थांबा. उपवाक्य झाका, "किती?" विचारा. स्वल्पविराम हवा असेल तर मिटणारा आहे का ते पाहा. शेवटी दॅट शोधा, आणि त्याच्याआधी स्वल्पविराम दिसला तर तो तिथे का आहे याचं उत्तर स्वतःला द्या. एक पानाच्या पत्राला दोन-तीन मिनिटं पुरतात.

आमच्या सेक्रेटरींना मी ही झाकण्याची युक्ती फलकासमोरच दाखवली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी नवीन प्रिंट लावली आणि काकांना फोनही केला. परवा लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस टाईप करताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. कागदावर होतं, "द लिफ्ट दॅट इज नियर द गेट विल बी क्लोज्ड ऑन संडे." म्हणाले, "मॅडम, इथे स्वल्पविराम नको ना? लिफ्ट दोन आहेत आपल्याकडे."